माडीवरील घाट

चैत्राच्या अंकांत याच सदरांत मीं आमच्या माडीवरील जुन्या आगगाडीच्या मांडणीची हकीकत लिहिली होती, ती कित्येक वाचकांस स्मरत असेल. त्यानंतर कांहीं वाचकांनीं पत्रें पाठवून ‘मास्तर, घाटाचें काम कोठवर आलें?’ अशी आपुलकीनें चौकशी केली. एका गृहस्थांनीं मात्र साठी उलटल्यावर माणसानें विष्णुसहस्रनाम म्हणावें कीं खेळांतल्या गाड्या हांकाव्या, असा प्रश्न टाकला आहे. त्यांस उत्तर इतकेंच कीं, सहस्रनाम पहांटेस आटोपतें. आणि दुपारीं झोंप काढणाऱ्या म्हाताऱ्यापेक्षां डाख देण्याची तापलेली कांडी हातीं घेऊन जागा राहणारा म्हातारा घरांतील मुलांस अधिक उपयोगीं पडतो, असा माझा अनुभव आहे.

ज्यांच्या हातीं तो अंक आला नाहीं त्यांच्यासाठीं थोडी पूर्वपीठिका सांगतों. आमचें घर कर्जतचें. माझे वडील बंधु, ज्यांस सारें घर दादा म्हणे, रेल्वेच्या नोकरींत होते. घाट चढणाऱ्या गाड्यांस मागून रेटा देणारीं जीं इंजिनें कर्जत येथें जोडतात, त्यांच्या जोडण्या-सोडण्याशीं त्यांचा रोजचा संबंध. १९७४ सालीं त्यांनीं माडीवर आठ फूट लांब व चार फूट रुंद अशा फळ्यांवर बोरघाटाची प्रतिकृति उभी केली. इंजिन तेवढें मुंबईच्या जुन्या बाजारांत मिळालेलें विलायती होतें. सहा चौचाकी डबे दादांनीं तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून, वांकवून, डाख देऊन स्वतः केले. दादांस जाऊन आतां दहा वर्षें झालीं. या दहा वर्षांत मांडणीवर ताडपत्री पडली, ताडपत्रीवर जादा गाद्या पडल्या, आणि गाद्यांखालीं वाळवीनें आपला संसार थाटला. यंदा दादांच्या नातवानें, वय वर्षें बारा, ती ताडपत्री उचलली आणि ‘धाकटे आजोबा, ही आपण चालू करूं या,’ असा हट्ट धरिला. मूल आपण होऊन कांहीं दुरुस्त करूं म्हणतें अशी वेळ घरांत क्वचितच येते. ती दवडूं नये.

प्रतिकृतीचें मर्म कळण्यास मूळ घाटाची ओळख हवी. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी गेली, हें शाळेंतील मुलासही पाठ असतें. परंतु पुण्याच्या वाटेवर सह्याद्रि आडवा उभा होता. १८५८ सालीं खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रूळ तयार झाले. तरी मधला घाट उतारूंस पालखींत बसून किंवा तट्टावरून चढावा लागे. घाटांतील रुळांचें काम १८५६ सालीं सुरू होऊन १८६३ च्या एप्रिलांत तो मार्ग खुला झाला. लांबी सुमारें पावणेसोळा मैल, एकंदर चढ १८३१ फूट, बोगदे २५ आणि दऱ्यांवरील मोठे पूल ८. १८६१ च्या आरंभीं सुमारें ४२,००० माणसें या कामावर राबत होतीं. पटकीच्या सांथींनीं मजुरांचा फार मोठा संहार केला. मुख्य एंजिनियर जेम्स बर्कले १८६२ सालीं वारले. पुरा झालेला घाट त्यांस पाहावयास मिळाला नाहीं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं येथें आल्यावर थोड्याच आठवड्यांत मरण पावले, तेव्हां त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनीं तें कंत्राट अंगावर घेऊन तडीस नेलें. एकानें आरंभिलेलें काम दुसऱ्यानें पुरें करावें, ही या घाटाची मूळचीच रीत दिसते.

खंडाळ्याखालीं एके ठिकाणीं डोंगराची सोंड अशी संपते कीं, गाडीस वळण घेण्यापुरती जागाच उरत नाहीं. तेथें सपाट केलेल्या जागेवर गाडी सरळ आंत नेऊन थांबवीत, इंजिन सोडून दुसऱ्या टोंकास जोडीत, आणि मग गाडी पाठमोरी होऊन पुढचा चढ चढे. यास रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. १८३० सालचा जो जुना पूल अमृतांजनचा पूल म्हणून प्रसिद्ध होता व जो २०२० सालीं पाडण्यांत आला, त्याच्या जवळच ही जागा. १९२९ सालीं नव्या बोगद्यांचा मार्ग झाला आणि हें स्टेशन बंद पडलें. दादांनीं तें पाहिलें नव्हतें. पण जुन्या नोकरांकडून ऐकून त्याचा त्यांस छंद लागला, आणि सबंध घाटांतून हेंच एक स्थान त्यांनीं प्रतिकृतीसाठीं निवडलें.

असें एखादें स्थान निवडावें लागतें, कारण दादांचें इंजिन खऱ्या इंजिनाच्या सुमारें शहात्तराव्या हिश्शाचें आहे. या हिशेबानें सबंध घाट करूं म्हटलें, तर रुळांची लांबी सुमारें ३३३ मीटर आणि डोंगराची उंची सव्वासात मीटरांवर जाते. म्हणजे आगगाडी गल्लीच्या पार पलीकडे न्यावी लागेल आणि दुमजली वाड्याएवढा सह्याद्रि रचावा लागेल! रुळांच्या रुंदींतही अशीच तडजोड आहे. आपल्या रुंद मार्गावर दोन रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर असतें. त्याचा शहात्तरावा हिस्सा बावीस मिलिमीटर होतो. परंतु बाजारांत मिळणाऱ्या या जातीच्या गाड्या साडेसोळा मिलिमीटरांच्या रुळांवर चालतात. दादा हंसून म्हणत, ‘आपली गाडी जरा अंग चोरून चालते.’

एका बाबतींत मात्र तडजोड चालत नाहीं, ती म्हणजे चढ. चढ हें निव्वळ गुणोत्तर आहे. त्यास लहान-मोठें माप नाहीं. बोरघाटांत जेथें चढ अति तीव्र आहे तेथें तो ३७ स १ आहे, म्हणजे ३७ फूट पुढें जावें तेव्हां एक फूट उंची हातीं लागते. माडीवरही तोच नियम. एक इंच वर जावयाचें तर सदतीस इंच धांव हवी. चार इंच जावयाचें तर एकशेंअठ्ठेचाळीस इंच, म्हणजे बारा फूट चार इंच. गाडी लहान म्हणून उंचीच्या किंमतींत कांहीं सूट मिळत नाहीं. हा हिशेब वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व हकीकत याच्याच भोंवतीं फिरते.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळतों. पहिला महिना साफसफाईंत गेला. चौकटीचे दोन पाय व एक आडवी पट्टी वाळवीनें आंतून पोखरलेली निघाली. बोट दाबतांच लांकडाचा भुगा झाला. तीं काढून नव्या लांकडाचीं बसविलीं व सर्व चौकटीस वाळवीचें औषध दिलें. मुख्य फळ्या सुदैवानें शाबूत होत्या. रूळ पितळेचे; त्यांवर काळी-हिरवी पुटें चढलेलीं. पितळेवरचें हें पुट वीज नीट वाहूं देत नाहीं, त्यामुळें गाडी अडखळते. नातवानें उत्साहानें कांचकागद घेऊन रूळ घांसावयास आरंभ केला, त्यास मीं थांबविलें. कांचकागदानें रुळावर बारीक चरे पडतात, त्या चऱ्यांत पुन्हां मळ सांठतो, आणि आजचा चकचकीतपणा महिन्याभरांत पहिल्याहून काळा होतो. मऊ फडकें स्पिरिटांत भिजवून चार-चार वेळां पुसावें, हाच मार्ग. वेळ लागतो, पण मुलांस फुरसतीनें करावयाचीं कामें शिकविण्यास याहून चांगला पाठ मला शाळेंतही सांपडला नव्हता.

डोंगराआड दडणाऱ्या भागांत, जेथें वरचेवर फडकें फिरवितां येत नाहीं, तेथें पितळी रूळ काढून निकेल-सिल्व्हर या मिश्र धातूचे नवे घातले. त्यांवर मळ धरला तरी वीज त्या मानानें कमी अडते. व्याकरणांत एका वर्णाच्या जागीं दुसरा आला म्हणजे त्यास आदेश म्हणतात, आणि तो बहुधा मूळ वर्णाचाच अधिकार चालवितो. त्याप्रमाणें हे नवे रूळ दादांच्याच रुळांचे आदेश समजावे. रुळांस रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या कवचांवर विजेसाठीं भरंवसा न ठेवतां दर तीन फुटांस खालून स्वतंत्र तारा डाख देऊन जोडल्या. इंजिनाच्या मोटारींतील कोळशाचे ब्रश झिजले होते ते बदलले, व गोंदासारखें झालेलें जुनें तेल धुऊन काढलें. विजेचा जुना ट्रान्सफॉर्मर मात्र मीं सरळ मोडींत घातला. त्याच्या तारांवरचें आवरण हात लावतांच गळत होतें. नवा, बारा व्होल्टांचा, विकत आणिला. जुन्या वस्तूंचा लोभ सर्वत्र धरावा, विजेच्या कामीं धरूं नये.

येथवर सर्व सुरळीत चाललें. मग आमच्यांत मतभेद उत्पन्न झाला. नातू म्हणाला, ‘आजोबा, हें उलटं फिरायचं स्टेशन आपण काढून टाकूं. गाडी वर जाते, थांबते, इंजिन सोडायचं, पुन्हां जोडायचं, यांत सगळा वेळ फुकट जातो. वंदे भारत अशी थांबते का?’ त्याचें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हतें. मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी फेब्रुवारी २०२३ पासून याच घाटानें जाते आणि मागून रेटा देणारें इंजिन न घेतां चढते. आजच्या मुलानें आजचा घाट करूं म्हणावें, हें स्वाभाविकच. मांडणी दादांची खरी. पण पुढें ती खेळावयाची नातवास आहे, असा विचार करून मीं अर्धी संमति दिली. जुना डोंगर मागच्या बाजूनें उघडून आंत नव्या मार्गासाठीं किती जागा निघते तें पाहावें, असें ठरलें.

दादांनीं डोंगर दिवाळीच्या किल्ल्याच्या पद्धतीनें रचला होता: लांकडाचा सांगाडा, त्यावर तारेची जाळी, जाळीवर गोणपाटाचे तुकडे, फक्त मातीच्या चिखलाऐवजीं प्लॅस्टरांत भिजविलेले. ओलीनें त्यांस तडे गेले होतेच. भिंतीकडील बाजूचा तुकडा हळूच सोडवितांना वरच्या बोगद्याच्या मागें आम्हांस एक भोंक लागलें. बरोबर हाताच्या पंजाएवढें. उंदरांनीं केलें म्हणावें, तर त्याच्या कडा एका बाजूस अगदीं गुळगुळीत झालेल्या. मी बुचकळ्यांत पडलों. इतक्यांत वहिनी वाळत घातलेल्या कुरडया पाहण्यास माडीवर आल्या. क्षणभर त्यांनीं त्या भोंकाकडे पाहिलें आणि म्हणाल्या, ‘भावजी, तें बुजवूं नका हो. त्यांतून ह्यांचा हात जायचा.’

‘कशाला?’

‘कशाला म्हणजे? गाडी बोगद्यांत शिरली कीं अडायची. मग हे मागून बोट लावायचे. तुम्ही सगळीं समोर बसून टाळ्या वाजवायचात.’

मी कांहीं बोललों नाहीं. दादा नेहमीं डोंगराच्या मागें, भिंतीच्या बाजूस उभे राहत, हें मला स्पष्ट आठवलें. तेथून त्यांस गाडी नीट दिसत असेल अशी माझी समजूत होती. वाचकांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तीस वर्षांहून अधिक काळ मीं वर्गांत स्वावलंबनावर बोलतांना दादांच्या इंजिनाचा दृष्टान्त दिला आहे. ‘एवढेंसें इंजिन, सहा पत्र्याचे डबे मागें, पण कोणाच्या मदतीवांचून घाट चढतें!’ हें वाक्य माझ्या कित्येक विद्यार्थ्यांच्या निबंधांत उतरलें असेल. आणि तें वाक्य खोटें होतें.

सुटलेल्या तुकड्याखालीं फळीवर दादांच्या अक्षरांत पेन्सिलीनें लिहिलेली एक ओळ निघाली: ‘उंची ४. धांव ८८. १ : २२. जागा नाहीं.’

चार इंच चढण्यास दादांस अवघी अठ्ठ्याऐंशी इंच धांव मिळाली होती. आठ फुटांच्या फळींत साडेतीन फूट सपाट भाग रिव्हर्सिंग स्टेशनास द्यावा लागला, कारण उभ्या गाडीस चढ चालत नाहीं. उरलें त्यांत खालचा मार्ग चव्वेचाळीस इंच आणि वरचा चव्वेचाळीस इंच. म्हणजे चढ २२ स १. खऱ्या घाटाच्या जवळजवळ पावणेदोन पट तीव्र. ज्या माणसाचा सारा जन्म या घाटाच्या पायथ्याशीं गेला त्यास हें कळलें नाहीं असें कसें होईल? कळलें होतें, आणि तें त्यांनीं लिहूनही ठेवलें होतें.

नातवास मीं हें तोंडी सांगण्याऐवजीं करून दाखवावयाचें ठरविलें. पूजेच्या खोलींतील लहान तराजू आणला. इंजिनाचें वजन २०० ग्रॅम व सहा डब्यांचें मिळून ४८० भरलें, एकूण ६८०. बावीसास एक असा चढ असतां या वजनाचा बाविसावा हिस्सा, म्हणजे सुमारें ३१ ग्रॅम, गाडीस सतत मागें ओढतो. सदतिसास एक असतां हीच मागची ओढ सुमारें १८ ग्रॅम. मग सुताची रीळ कप्पीसारखी टेबलाच्या कडेस लावून, दोऱ्यास वजनें टांगून पाहिलें. सपाट रुळावर डबे नुसते हलविण्यास १४ ग्रॅम लागले. आणि इंजिनास दोरा बांधला तेव्हां सुमारें ४० ग्रॅमांस त्याचीं चाकें जागच्या जागीं गरगर फिरूं लागलीं. बेरीज नातवानेंच केली. एकतीस आणि चौदा पंचेचाळीस, इंजिनाच्या ताकदीबाहेर. अठरा आणि चौदा बत्तीस; ताकदीच्या आंत. ‘म्हणजे इंजिन वाईट नव्हतं,’ तो म्हणाला, ‘जागाच कमी होती.’ मग माडीभर नजर फिरवून त्यानें विचारलें, ‘पण आजोबा, जागा कां नव्हती? पलीकडे तर चांगले चार-पांच फूट मोकळे आहेत.’

त्या मोकळ्या जागेकडे पाहतां-पाहतां मला उत्तर सांपडलें. १९७४ सालीं ती मोकळी नव्हती. तेथें, खिडकीशीं, माझें मेज होतें. मेजाशेजारीं पुस्तकांची फळी आणि माझी खाट. मी मॅट्रिकच्या अभ्यासास बसलों होतों व माडीचा तो उजेडाचा भाग दादांनीं मला दिला होता. दादा स्वतः नववींतून शाळा सोडून नोकरीस लागले होते. त्यांस चार फूट अधिक हवे होते. माझें मेज खालीं ओसरीवर नेलें असतें तर ते मिळाले असते. त्यांनीं तें एकदांही सुचविलें नाहीं. ‘जागा नाहीं’ एवढें लिहून त्यांनीं डोंगरास भोंक पाडलें.

मीं हें नातवास जसें आहे तसें सांगितलें. तो बराच वेळ फळीवरील ती ओळ पाहत राहिला. नंतर म्हणाला, ‘मग आतां तुमचं मेज नाहीं ना तिथं? आपण चार फूट वाढवूं. आणि स्टेशन राहूं दे.’ वंदे भारताचें काय, असें मीं विचारलें, तर तिची सोय खालच्या सपाट मार्गावर पुढें पाहूं, असा निकाल त्यानेंच दिला. त्यास मीं आणखी एक गोष्ट सांगितली. वंदे भारतास मागून इंजिन लागत नाहीं, तें ती एकटी बलवान आहे म्हणून नव्हे. तिचा जोर एका इंजिनांत नसतो. एक सोडून एक अशा डब्यांखालीं मोटारी बसविलेल्या असतात व सारेच मिळून भार ओढतात. एकत्र कुटुंबांत वाढणाऱ्या मुलास हें फार समजावून सांगावें लागलें नाहीं.

त्यानंतरचे तीन आठवडे वाढीव कामाचे. चार फुटांची नवी फळी जोडून मांडणी बारा फुटांची केली. खालचा मार्ग चौऱ्याहत्तर इंच, वरचा चौऱ्याहत्तर इंच. दोन्ही मिळून बरोबर एकशेंअठ्ठेचाळीस. चढ एकसारखा राहावा म्हणून दर साडेअठरा इंचांवर अर्धा-अर्धा इंच वाढत जाणारे लांकडी ठोकळे कापले. एका ठोकळ्यांत चूक झाली तर पुढचे सर्व चुकतात, म्हणून प्रत्येक ठोकळा दोघांनीं स्वतंत्रपणें मोजला. रिव्हर्सिंग स्टेशनाचा सपाट भाग, त्यांतले दादांचे पितळी रूळ व दादांच्या हातचे दोन सांधे जसेच्या तसे ठेविले. फक्त सांध्यांच्या हलत्या जिभांस नवी तार दिली. वहिनींची लोखंडी ट्रंक त्या मोकळ्या जागेंत होती, ती तात्पुरती जिन्याजवळ सरकविली. तात्पुरती हा शब्द वहिनींस पसंत पडला नाहीं.

गेल्या रविवारीं दुपारीं पहिली चांचणी झाली. डोंगर अद्याप नुसता सांगाडा आहे. इंजिनामागें सहाही डबे लाविले. खालचा मार्ग गाडीनें शांतपणें चढला. रिव्हर्सिंग स्टेशनांत नातवानें इंजिन सोडलें, बाजूच्या रुळानें फिरवून दुसऱ्या टोंकास आणलें व जोडलें. वरच्या मार्गावर अर्ध्यांत गाडी एकदम थांबली. सगळ्यांचे चेहरे पडले. नातवाचा हात आपोआप बोगद्याच्या मागें गेला. तेथेंच थबकला, आणि त्यानें तो परत घेतला. पाहतों तों जुनी व नवी फळी जेथें मिळते तेथें रूळ केसभर उंच-सखल राहिला होता, आणि इंजिनाचें पुढचें चाक त्यावर टेकलें होतें. खालीं जाड कागदाचा एक तुकडा सारला, रुळाची कड कानशीनें गोल केली, आणि गाडी पुन्हां तळापासून सोडली. या खेपेस ती वरच्या स्टेशनापर्यंत कोणाच्या हातावांचून गेली. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. वहिनी जिन्यांत उभ्या राहून पाहत होत्या. गाडी थांबल्यावर त्या म्हणाल्या, ‘छान झालं. आतां माझी ट्रंक कुठं ठेवणार तें सांगा.’

तें भोंक आम्हीं बुजविलें नाहीं. त्यास सागवानी चौकट बसवून कायमचें केलें आहे. यांत नुसती भावना नाहीं. डोंगराआडच्या रुळांवर डबा घसरला, तर हात घालण्यास वाट ठेवलीच पाहिजे, हा या विद्येंतला साधा नियम आहे. जे ती ठेवीत नाहींत त्यांस पुढें डोंगर फोडावा लागतो. दादांची ओळ असलेला फळीचा भागही तसाच ठेविला. त्याच्याखालीं नातवानें आपल्या अक्षरांत लिहिलें आहे: ‘उंची ४. धांव १४८. १ : ३७. जागा मिळाली.’

माझे जे जुने विद्यार्थी हें सदर वाचीत असतील त्यांस मला एक दुरुस्ती कळवावयाची आहे. स्वावलंबनाच्या धड्यांतील तें इंजिन एकटें घाट चढत नव्हतें. त्यामागें एक हात होता, आणि मी अगदीं समोर बसून तो मला दिसला नाहीं. आपआपल्या घरांत असा हात कोणाचा होता, तें त्यांनीं सवड काढून घरांतील वडील बायकांस विचारावें. त्यांस बहुधा ठाऊक असतें.

सध्यां श्रावणाची ओल आहे. कर्जतच्या पावसांत प्लॅस्टर वाळत नाहीं. म्हणून डोंगराचें काम आश्विनांत, मुलांच्या किल्ल्याबरोबरच हातीं घेऊं. तोंवर रुळांखालच्या तारा पुन्हां तपासणें, सहा डब्यांस रंग देणें आणि ट्रंकेचा प्रश्न सोडविणें एवढीं कामें शिल्लक आहेत. त्यांपैकीं पहिलीं दोन निश्चित पुरीं होतील. बाकीचें वर्तमान दिवाळीच्या अंकांत.